अडखळत बोलणं: लपवावं, की दाखला काढावा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय २७, गाव सांगलीकडचं, नोकरी पुण्यात. आठवतं तेव्हापासून अडखळता. सकाळच्या मीटिंगमध्ये आपली पाळी जवळ येऊ लागली की तळहाताला घाम फुटतो आणि स्वतःचं नाव सांगताना 'प' ओठांवरच अडकून बसतो. घरी स्थळं बघणं सुरू झालंय. आईनं बजावलंय, पहिल्या भेटीत कमी बोल, मुलीकडच्यांना कळू देऊ नकोस. मामा म्हणतात, अपंगत्वाचा दाखला काढून ठेव, सरकारी नोकरीला उपयोगी पडेल. तुम्ही विचारताय की हे खरंच अपंगत्व आहे की नुसती मनाची भीती, आणि ते कधी बरं होईल का.

मी २३ वर्षं स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते आहे आणि त्यातला मोठा भाग अडखळणाऱ्या माणसांबरोबर गेलाय. मी स्वतः अडखळत नाही. त्यामुळे हे आतून कसं असतं ते मला माझ्याकडे येणाऱ्यांनीच शिकवलंय, आणि खाली लिहिलेलं बरंचसं त्यांचंच आहे. उदाहरणं देताना ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काय खटकलं ते आधी सांगते. एकाच घरात एक जण म्हणतंय कुणाला कळू देऊ नकोस, दुसरा म्हणतोय सरकारदरबारी नोंद कर. दोघांचाही तुमच्यावर जीव आहे, यात शंका नाही. पण दोघांच्याही बेतात तुमचं बोलणं कुठेच नाही. आईच्या बेतात तुम्ही गप्प बसता आणि मामांच्या बेतात तुमच्या वतीनं कागद बोलतो. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हा आहे. 'प' अडकतो तो वेगळा प्रश्न, आणि त्याच्यावर काम करता येतं.

आता भीतीचं. अडखळणं भीतीमुळे होत नाही. बोलताना छातीतून येणारा श्वास, स्वरयंत्राच्या पट्ट्या, जीभ आणि ओठ यांची वेळ एका सेकंदाच्या लहानशा भागात जुळावी लागते. ज्यांचं बोलणं अडखळतं त्यांच्या मेंदूत, विशेषतः डाव्या बाजूला बोलण्याचं काम करणाऱ्या भागांच्या जोडणीत आणि हालचालींची वेळ साधणाऱ्या खोलवरच्या केंद्रांच्या कामात, फरक दिसतो. मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा आढळलंय. त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या डेनिस ड्रायना यांच्या गटानं अडखळण्याशी संबंध असलेले तीन जनुकांमधले बदल शोधले. त्या कामाची सुरुवात पाकिस्तानातल्या काही कुटुंबांच्या अभ्यासातून झाली होती, कारण तिथे एकाच घरात अनेक जण अडखळणारे होते. सगळ्यांच्या अडखळण्याचं उत्तर त्या तीन जनुकांत नाही, फार थोड्यांचं आहे. पण 'हे आईबापांनी लाडावल्यामुळे झालं', 'लहानपणी घाबरला म्हणून झालं', 'शेजारच्या पोराची नक्कल केली म्हणून लागलं' या समजुतींना त्यानंतर आधार उरत नाही.

आकडेही सांगते, कारण 'मीच एकटा' ही भावना फार छळते. साधारण ५ टक्के मुलं लहानपणी केव्हा ना केव्हा अडखळतात, बहुतेकांची सुरुवात २ ते ५ या वयात होते. त्यातली तीनचतुर्थांशाच्या आसपास मुलं सावरतात. मोठेपणी साधारण १ टक्का लोकांचं अडखळणं टिकून राहतं, आणि त्यांत पुरुष बायकांच्या चौपट असतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटींच्या वर होती. १ टक्क्याचा हिशेब धरला तर आपल्या राज्यात ११ लाखांच्या घरात माणसं झाली. एवढी माणसं आपल्याला रोज ऐकू का येत नाहीत, या प्रश्नाकडे पुढे येते.

मग भीतीचा संबंध जोडला कुठून? आपल्या भाषेतच बघा. कुणी खोटं बोलताना पकडला गेला की आपण म्हणतो 'त-त-प-प करायला लागला'. घाबरला की 'बोबडी वळली'. म्हणजे जीभ अडली की माणूस भित्रा नाहीतर चोर, हे आपण बोलीतूनच शिकतो. तुमच्या मीटिंगमधल्या सहकाऱ्यांना तुमच्याबद्दल वाईट मत करून घ्यायचं नसतं. पण 'प' अडकला की त्यांच्या कानांना ही ओळखीची खूण पटते आणि 'याची तयारी नाही' असा निष्कर्ष आपोआप निघतो. तुम्हीही हीच भाषा बोलत मोठे झालात, म्हणून तुम्हालाही स्वतःबद्दल तसंच वाटतं. शिवाय बोबडं आणि अडखळणं यांची गल्लत होते ती वेगळीच. बोबड्या मुलाचा 'र'चा 'ल' होतो, 'क'चा 'त' होतो, तो उच्चाराचा भाग. अडखळणाऱ्याला प्रत्येक अक्षर नीट म्हणता येतं, काय म्हणायचं तेही पक्कं ठाऊक असतं. शब्द सुटत नाही, एवढंच. या गल्लतीपायी किती मुलांच्या जिभेखालची तार कापून आणली गेली, किती जणांना वेखंड चाटवलं, तोंडात गोट्या ठेवून वाचायला लावलं, हे मी प्रत्येक वर्षी ऐकते. जिभेत दोषच नसतो, त्यामुळे तिच्यावर केलेल्या उपायांनी काही साधत नाही. मुलाला एवढं मात्र कळतं की आपल्यात काहीतरी काढून टाकण्यासारखं आहे.

तुमच्या वडिलांचा एक मुद्दा तुम्ही लिहिलाय: 'एकटा असतोस तेव्हा नीट बोलतोस, आरती खणखणीत म्हणतोस, म्हणजे मनात आणलंस तर जमतं.' हा युक्तिवाद मी इतक्या वडिलांकडून ऐकलाय की त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं. एकटं असताना, गाताना, कुणाबरोबर एका सुरात म्हणताना, तान्ह्या बाळाशी किंवा जनावराशी बोलताना अडखळणं जवळजवळ नाहीसं होणं, हे अडखळण्याचंच लक्षण आहे. आरतीत टाळ आणि बाकीच्यांचे आवाज वेळ देतात, मेंदूला ती आतून जुळवावी लागत नाही. शब्द ठरलेले असतात, पुढे काय म्हणायचं याची निवड नसते, आणि ऐकून उत्तर देणारं समोर कुणी नसतं. मीटिंगमध्ये हे तिन्ही आधार एकदम जातात. गाता येतं म्हणून बोलता आलंच पाहिजे, असं होत नाही. भीतीनं अडखळणं वाढतं, हे खरं. झोप कमी झाली की वाढतं, घाई केली की वाढतं. पण वाढवणारी गोष्ट आणि मुळातलं कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वडिलांना वेगळ्या करून सांगणं गरजेचं आहे. नाहीतर ते आयुष्यभर 'मन घट्ट कर' म्हणत राहतील आणि तुम्ही आयुष्यभर मन घट्ट करण्यात कमी पडल्याचं ओझं वागवाल.

आता लाजेकडे येते. इथे मला माझी एक चूक सांगायला हवी.

हे काम सुरू करून दोन-तीन वर्षं झाली असतील. माझ्याकडे आठवीतला एक मुलगा यायचा. मी तेव्हा शिकवल्याप्रमाणे दर १०० अक्षरांमागे किती वेळा अडखळतो ते मोजायची आणि आलेख काढायची. चार महिन्यांत रेघ सुरेख खाली आली. आई खूश, मी खूश. पाचव्या महिन्यात त्याच्या वर्गशिक्षिका कशाच्या तरी निमित्तानं भेटल्या आणि म्हणाल्या, 'हल्ली तो काहीच बोलत नाही. पूर्वी निदान हात तरी वर करायचा.' मी माझ्या नोंदी पुन्हा काढून बघितल्या. तो माझ्यासमोरही कमी बोलत होता. छोटी वाक्यं, सोपे शब्द, हो-नाहीत उत्तरं. अडखळणं कमी झालं होतं ते बोलणं कमी झालं म्हणून. त्याला चांगलं समजलं होतं की बाईंना आणि आईला काय हवंय, आणि ते देण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तोंड न उघडणं. मी ते आलेख काढणं थांबवलं नाही, पण त्यानंतर पहिला प्रश्न बदलला. किती अडखळलास, हे नंतर. आधी विचारते, या आठवड्यात जे बोलायचं होतं त्यातलं किती बोललास?

अमेरिकेत जोसेफ शीहान नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते, स्वतः अडखळणारे. त्यांनी अडखळण्याला हिमनगाची उपमा दिली. कानाला ऐकू येतं ते पाण्यावरचं टोक. खाली लाज, भीती, अपराधीपणा आणि शब्द टाळण्याच्या शेकडो युक्त्या. माझ्या अनुभवात ही उपमा आपल्याकडच्या माणसांना लगेच पटते, फक्त पाण्याखाली काय आहे ते प्रत्येकाचं वेगळं निघतं. इस्लामपूरहून कराडला रोज एसटीनं जाणारा एक मुलगा होता. त्याचा 'क' अडकायचा. कंडक्टर समोर उभा, मागे गर्दी. तीन वर्षं तो साताऱ्याचं तिकीट काढून कराडला उतरला. जास्तीचे पैसे घरी कुठे गेले म्हणून विचारलं तर वडापाव खाल्ला सांगायचा. त्या तीन वर्षांत कंडक्टरसमोर तो एकदाही अडखळला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, किती छान. पण तिकिटाची ही युक्ती सुचल्यापासून त्याची भीती वाढतच गेली होती, कारण 'कराड' म्हटल्यावर नक्की काय होतं ते पुन्हा कधी पाहिलंच गेलं नाही.

एका बाईंची गोष्ट मी विसरू शकत नाही. लग्न ठरलं तेव्हापासून त्यांना नाव घेण्याची धास्ती होती. उखाणा पाठ केला, शंभरदा म्हटला. मांडवात उभं राहिल्यावर यमकाच्या ठेक्यावर दोन्ही ओळी पाण्यासारख्या गेल्या आणि नवऱ्याच्या नावावर आवाज बंद झाला. कसं होणार नाही? ठेका संपला, आणि नाव बदलून दुसरा शब्द घालता येत नाही. म्हणूनच स्वतःचं नाव आणि गावाचं नाव सगळ्यात जास्त अडतं. लोक हसले, कुणीतरी 'लाजली गं' म्हणालं. त्यानंतर डोहाळजेवण असो की हळदीकुंकू, त्या कधी कुणाच्या घरी गेल्या नाहीत. माझ्याकडे आल्या तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. तुम्ही मीटिंगमध्ये नाव सांगताना अडता ना, ते त्याच कारणानं. तुमची तयारी कमी पडते म्हणून नाही.

आपल्याला ही माणसं ऐकू का येत नाहीत, या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ती आपल्या शेजारी बसलेली असतात आणि साताऱ्याचं तिकीट काढत असतात.

लाज बाहेरून कशी पेरली जाते याचा एक जुना आणि दुःखद प्रयोग आहे. १९३९ साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या वेंडेल जॉन्सन या संशोधकाच्या देखरेखीखाली त्यांच्या एका विद्यार्थिनीनं डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर तो केला. जॉन्सन स्वतः अडखळायचे. मुलाला तोतरा म्हटल्यामुळेच तो तोतरा होतो, असा त्यांचा कयास होता. म्हणून नीट बोलणाऱ्या काही मुलांना महिनोन्महिने सांगण्यात आलं की तुमचं बोलणं बिघडतंय, अडखळायला लागलात, नीट बोलता येत नसेल तर बोलू नका. त्या मुलांना खरं अडखळणं लागलं नाही, कयास चुकला. पण ती मिटून गेली, वर्गात बोलेनाशी झाली, एकेका शब्दात उत्तरं देऊ लागली. विद्यापीठानं २००१ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. मला यातून जे कळतं ते असं: लाजेनं अडखळणं तयार होत नाही, गप्प बसणं तयार होतं. आणि तुमच्या आईचा 'कमी बोल' हा सल्ला, कितीही मायेनं दिलेला असला तरी, नकळत तेच काम करतो.

इथपर्यंतचं थोडक्यात. अडखळणं मेंदूच्या जडणघडणीतून येतं, भित्रेपणातून नाही. बोलण्यातला अडथळा एक, आणि त्याच्याभोवती साठलेली लाज दुसरी. त्या दोन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत.

आता मामांच्या दाखल्याचा विषय. इथे नीट वाचा, कारण अर्धवट माहिती फार फिरते. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ते २१ झाले आणि 'वाचा व भाषा दिव्यांगता' हा प्रकार त्यात आला. पण त्याची व्याख्या बघा. स्वरयंत्र काढून टाकावं लागणं किंवा मेंदूला इजा होऊन भाषा जाणं यांसारख्या स्थितींमुळे, शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेली कायमची दिव्यांगता, असा तिचा आशय आहे. अडखळण्याचं नाव त्यात नाही. दाखल्याचा निर्णय वैद्यकीय मंडळ ठरलेल्या मोजमापानुसार घेतं आणि बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. तुमच्या बाबतीत मंडळ काय म्हणेल हे मी इथून सांगू शकत नाही. समजा दाखला मिळाला, तरी सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणाचे जे गट कायद्यात दिलेत ते असे: अंध आणि अल्पदृष्टी, कर्णबधिर, हालचालींची दिव्यांगता आणि तिच्याबरोबर मोजलेल्या स्थिती, स्वमग्नता, बौद्धिक, अध्ययनविषयक आणि मानसिक आजाराचा गट, आणि यांतल्या एकाहून जास्त असलेल्यांचा गट. वाचा व भाषा दिव्यांगता या यादीत नाही. म्हणजे मामा ज्या फायद्यासाठी दाखला काढायला सांगताहेत तो फायदा बहुधा मिळणारच नाही. हे त्यांना कळू द्या, म्हणजे एक वाद तरी मिटेल.

पण दाखला नाही म्हणजे दिव्यांगत्व नाही, असं मी म्हणत नाही. याच कायद्यात दिव्यांग व्यक्तीची सर्वसाधारण व्याख्या आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. दीर्घकाळची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची कमतरता, आणि समोर येणारे अडथळे, या दोन्ही मिळून ज्याला समाजात इतरांच्या बरोबरीनं वावरता येत नाही ती व्यक्ती. 'अडथळे' हा शब्द तिथे उगाच आलेला नाही. कंडक्टर तीन सेकंद थांबला तर कराडचं तिकीट निघतं. थांबला नाही तर तोच मुलगा, तोच 'क', आणि साताऱ्याचं भाडं. तोंडी परीक्षेत परीक्षकानं वेळ दिला तर विद्यार्थ्याला विषय येतो हे दिसतं. नाहीतर तो नापास. त्यामुळे 'हे अपंगत्व आहे का' याला माझं उत्तर असं की ते दर तासाला बदलतं आणि बऱ्याचदा ते तुमच्या हातात नसून ऐकणाऱ्याच्या हातात असतं. तुम्ही स्वतःला दिव्यांग म्हणवून घ्यावं की नाही हा सर्वस्वी तुमचा निर्णय आहे. माझ्याकडच्या काहींना त्या शब्दानं मोठा आधार मिळाला, 'माझा दोष नाही, मला वेळ मिळणं हा माझा हक्क आहे' असं त्यांना पहिल्यांदा वाटलं. काहींना तो शब्द अजिबात नको असतो. दोन्ही मला मान्य आहे. मान्य नाही ते एवढंच, की शब्द नको म्हणताना मनात 'मी काही तसल्यांपैकी नाही' असं असावं. ती लाज मग आंधळ्या, लंगड्या, बहिऱ्या माणसाच्या अंगावर ढकललेली असते.

बरं होईल का? २७ व्या वर्षी अडखळणं पूर्णपणे जाणं दुर्मीळ आहे. तसं आश्वासन मी देणार नाही, आणि जो देईल त्याच्यापासून लांब राहा. '१५ दिवसांत खात्रीनं' अशा शिबिरांत सगळं ओढून ओढून, एका सुरात बोलायला शिकवतात. त्या सभागृहात सगळे घडाघडा बोलतात, घरी आल्यावर काही आठवड्यांत ते उतरतं आणि माणसाला वाटतं की मीच कमी पडलो. अमेरिकेच्या औषध नियामकांनीही अडखळण्यासाठी म्हणून कुठल्याही औषधाला अजून मान्यता दिलेली नाही. पण बोलणं खूप सोपं होऊ शकतं, अडकणं लहान आणि हलकं होऊ शकतं, आणि तिकीट कराडचं निघू शकतं. किती आणि किती दिवसांत, हे अडकण्याचा प्रकार, टाळण्याची सवय किती जुनी, सराव किती आणि आजूबाजूची माणसं कशी यावर ठरतं. माझ्याकडे साधारण सहा महिने आठवड्याला एक बैठक आणि नंतर अधूनमधून, असं बऱ्याच जणांचं चालतं. कुणाचं दोन महिन्यांत भागतं, कुणी तीन वर्षांनी पुन्हा येतं.

सुरुवात तुम्ही उद्यापासून करू शकता. एक आठवडा कुठला शब्द टाळला आणि त्याच्या जागी काय वापरलं ते फोनमध्ये टिपून ठेवा. काही बदलू नका, नुसतं बघा. बहुतेकांना यादीची लांबी बघून धक्का बसतो. नंतर 'प' अडकल्यावर काय होतं ते निरखा. तुम्ही बहुधा ओठ आणखी घट्ट दाबून जोर लावता, कारण दार अडलं की आपण धक्का देतो. इथे उलट करायचं असतं. अडकलात तिथेच थांबा, ओठांवरचा दाब जाणवू द्या, तो हळूहळू सैल करा आणि त्या सैलपणातून आवाज पुढे सरकू द्या. शब्द सोडून मागे जायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत. हे वाचून जमत नाही, शिकवावं लागतं, पण दिशा कळावी म्हणून सांगितलं. तिसरी गोष्ट विचित्र वाटेल. ज्या शब्दावर अडखळत नाही त्यावर मुद्दाम, आरामात अडखळा. किराणा दुकानात 'सा-सा-साखर' म्हणा आणि दुकानदाराकडे बघा. एसटीतल्या त्या मुलाकडून मी असा सराव बरेच आठवडे करून घेतला. ज्या दिवशी तो कंडक्टरसमोर 'क-क-कराड' म्हणाला आणि कंडक्टरनं मान वर न करता तिकीट दिलं, त्या दिवशी तो संध्याकाळी फोन करून हसत होता.

मीटिंगचं. स्वतःहून एकदा सांगून टाका. 'मी अडखळतो. मध्ये थांबलो तर मला माहीत असतं पुढे काय म्हणायचंय, थोडा वेळ द्या.' एवढंच, माफीच्या सुरात नाही. लपवण्यात जी शक्ती जाते ती मोकळी होते आणि समोरच्यांना काय करायचं ते कळतं. नाहीतर ती बिचारी माणसं 'सावकाश, श्वास घे' म्हणतात किंवा तुमचं वाक्य पुरं करतात, आणि दोन्हींनी अडचण वाढते. त्यांना फक्त नजर न काढता थांबायचं असतं. केरळचे पहिले मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रीपाद अडखळायचे आणि आयुष्यभर सभांमधून बोलले. तुम्ही नेहमी अडखळता का, असं विचारल्यावर ते म्हणाले होते म्हणतात, 'नाही, बोलतो तेव्हाच.' इतक्या सहजपणे ते आपलं आपण सांगून मोकळं होणं, हीच मला त्यातली मोठी गोष्ट वाटते.

लग्नाचं मात्र जरा जपून लिहिते, कारण घर तुमचं आहे आणि आईची काळजी खोटी नाही. स्थळं परत गेल्याची उदाहरणं मीही पाहिली आहेत. तरीही माझं मत ठाम आहे: पहिल्याच भेटीत, तुम्हीच, त्या मुलीलाच सांगा. मध्यस्थांकडून नको, आईकडून नको. लपवून जमलेल्या लग्नात तुम्हाला रोज, घरातल्या घरात, साताऱ्याचं तिकीट काढावं लागेल. आणि ती कदाचित विचारेल, मुलांना होईल का? खरं उत्तर द्या. घरात कुणी अडखळत असेल तर मुलात शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, होईलच असं नाही, आणि झालं तरी बहुतेक मुलं लहानपणीच सावरतात. शिवाय शाळेत जाण्याआधीच्या वयात उपचार सुरू केले तर त्यांचा उत्तम उपयोग होतो. तुम्ही लहान असताना तुमच्या घरी हे कुणाला माहीत नव्हतं. तुमच्या मुलाच्या घरी माहीत असेल.

आईशी बोलताना तिला चूक ठरवू नका. तिनं २५ वर्षं लोकांची तोंडं पाहिली आहेत. तिला जमलं तर एका बैठकीला बरोबर घेऊन या. बरेचदा आई खोलीत बसून रडते आणि विचारते, माझ्या हातून गरोदरपणी काही चुकलं का. कुणीतरी तिला 'नाही' असं स्पष्ट सांगायला हवं असतं.

कुणाकडे जावं? भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेल्या स्पीच थेरपिस्टकडेच, आणि नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नायर रुग्णालयात विभाग आहे, पुण्यात भारती विद्यापीठाचं या विषयाचं महाविद्यालय आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ पासून हे काम करते आहे. पहिल्या भेटीत विचारा की अडखळणाऱ्या मोठ्या माणसांबरोबर तुम्ही किती काम केलंय, कारण सगळेच या विषयात रस घेत नाहीत. त्याच्या जोडीला 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन'च्या स्वमदत गटात एकदा जाऊन बसा. अडखळणाऱ्यांनीच चालवलेले गट आहेत. खोलीतली दहा माणसं तुमच्यासारखीच अडतात आणि कुणी घड्याळाकडे बघत नाही, हा अनुभव मी तुम्हाला देऊ शकत नाही.

वेळ ठरवायचा फोन तुम्हीच करा, मामांना करायला लावू नका. नाव सांगताना 'प' अडकला तर अडकू द्या. आमच्याकडे फोन उचलल्यावर पलीकडून काहीच ऐकू आलं नाही तर आम्ही ठेवून देत नाही. थांबतो.